रानपोपटी ओळखावी कशी? बांधावरच्या चिरबोटाची पायरीपायरीने पारख

पावसाळा सरत आला की सोयाबीनच्या तासांत, बांधाच्या उतारावर, उकिरड्याच्या कडेला आणि पडीक वावरात गुडघ्याएवढे वाढलेले एक झुडूपवजा रोप दिसू लागते. त्याच्या फांद्यांच्या खालच्या अंगाला हिरवे, पोकळ, शिरांनी आखलेले फुगे लोंबत असतात आणि प्रत्येक फुग्याच्या आत एक गोल फळ असते. हीच रानपोपटी, म्हणजेच चिरबोट. खेड्यात वाढलेल्या बहुतेकांनी हा फुगा कपाळावर किंवा हाताच्या पालथ्या बाजूवर आपटून फोडलेला असतो आणि पिकलेले फळ तोंडात टाकलेले असते. तरीही ‘ही पोपटीच कशावरून?’ असे विचारले की बहुतेक जण ‘फुगा आहे ना’ एवढेच उत्तर देतात. ते उत्तर पुरेसे नाही. आपल्याकडे फुगे धरणाऱ्या वनस्पती एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांतल्या सगळ्यांचीच फळे खाण्याजोगी नाहीत.

म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे. रानपोपटीची ओळख तीन खुणा एकाच रोपावर एकत्र दिसल्यावरच पक्की मानावी: एका पेऱ्याशी एकच खाली झुकलेले फूल, फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या कटोरीच्या पाचही पाळ्या एकमेकींना जुळून बनलेला अखंड फुगा, आणि त्या फुग्याच्या आत भिंतीला न चिकटलेले, रसाळ, बारीक चपट्या बियांनी भरलेले फळ. बाकी सर्व खुणा या तिघींना आधार देणाऱ्या आहेत.

नावांचा गुंता आधी सोडवावा

महाराष्ट्रात या रोपाला पोपटी, रानपोपटी, चिरबोट, चिरबोटी, चिरपोटी अशी नावे भागाभागाप्रमाणे वापरली जातात. बाजारात टोपलीतून विकायला येणारी, आवरणासह मांडलेली मोठी केशरी फळे म्हणजे रसभरी किंवा टिपारी. ती लागवडीची, तिची जात वेगळी, पण कुळ आणि प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) तीच. तीही काही ठिकाणी ‘पोपटी’ या नावानेच विकली जाते. रायगड जिल्ह्यात मात्र थंडीत कोणी ‘पोपटी लावली’ असे म्हटले, तर ती वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून जाळावर भाजण्याची रीत असते आणि तिचा या रोपाशी काहीही संबंध नसतो. ‘कपाळफोडी’ हे नाव फुगा कपाळावर फोडण्याच्या खेळामुळे काही जण पोपटीलाही लावतात. पण कपाळफोडी ही खरी एक वेल आहे आणि तिचे वर्णन पुढे केले आहे. तात्पर्य, कोणी नुसते नाव सांगितले तर त्यावरून खात्री करू नये. रोप डोळ्यांसमोर ठेवूनच बोलावे.

शास्त्रीय नावाचा उपयोग येथेच होतो. वांगे, टोमॅटो, बटाटा आणि मिरची ज्या सोलॅनेसी कुळातली, त्याच कुळातली फायसॅलिस ही प्रजाती. ग्रीक भाषेत ‘फायसॅलिस’ म्हणजे फुगा किंवा मूत्राशय, आणि नाव निदलपुंजाच्या, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या कटोरीच्या, फुगीर रूपावरून पडले आहे. आपल्या रानातल्या रोपांना फायसॅलिस मिनिमा किंवा फायसॅलिस अँग्युलाटा या नावांनी नोंदवतात. लागवडीची रसभरी म्हणजे फायसॅलिस पेरुव्हियाना.

‘देशी’ म्हणताना जरा थांबावे

रानपोपटीला आपण सहज गावठी किंवा देशी म्हणतो. ती शेकडो वर्षे आपल्या मातीत आपोआप उगवते, तिला आपल्या भाषेत चार-पाच नावे आहेत, लेकरांच्या खेळात ती आहे, तेव्हा रोजच्या बोलण्यात हा शब्द चुकीचा नाही. परंतु वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने ‘मूळची येथलीच’ असे ठामपणे लिहिण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की फायसॅलिस प्रजातीतील जवळजवळ सर्व जाती अमेरिका खंडातल्या, त्यातही मुख्यतः मेक्सिकोतल्या आहेत. दक्षिण अर्जेंटिनातील पॅटागोनियात या गटाच्या फळाचे, फुगीर आवरणासह टिकून राहिलेले, सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि त्यांचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा फुगासुद्धा त्या भूमीत फार जुना आहे.

दुसरीकडे, सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथात हे रोप आहे, आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये फायसॅलिस मिनिमा हे नाव दिले तेव्हा तिचे ठिकाण म्हणून भारताचाच उल्लेख केला. पोर्तुगीज जहाजे पश्चिम किनाऱ्यावर आली ती १४९८ मध्ये. मिरची, काजू आणि पेरू ज्या समुद्रमार्गाने आपल्याकडे पोहोचले, त्याच मार्गाने पोपटीचे बी आले असावे असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि मिनिमा ही जुन्या जगातलीच, म्हणजे आशिया-आफ्रिका-युरोपकडची, जात मानणारेही आहेत. माझ्या मते नोंद करताना ‘रानात आपोआप वाढणारी, लागवड न केलेली’ असे लिहावे. ते निर्विवाद खरे आहे आणि रोप ओळखण्याच्या कामात त्यामुळे काही अडत नाही.

पहिली पायरी: जागा आणि हंगाम

रानपोपटीचे बी जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर रुजते. ऑगस्टपासून फुले दिसू लागतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर हा फुग्यांचा खरा काळ, आणि पाणी तुटले की डिसेंबरच्या आसपास रोप वाळते. पाटाच्या कडेला किंवा ठिबकच्या नळीजवळ ओल मिळाली तर तेच रोप उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हिरवे राहते. तिला मोकळी, हललेली, शेणखताची माती आवडते. म्हणून नांगरलेले रान, गोठ्यामागची जागा, नव्या बांधकामाभोवती टाकलेली माती आणि भाजीच्या वाफ्यांच्या कडा आधी पाहाव्यात. घनदाट जंगलाच्या सावलीत ती सहसा सापडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कोरडवाहू माळावर फुग्यांचे हिरवे झुडूप दिसले, तर ते पोपटीचे नसून आस्कंदाचे, म्हणजे अश्वगंधेचे, असण्याचा संभव जास्त.

दुसरी पायरी: रोपाची ठेवण आणि खोड

रानपोपटी वर्षायू आहे, म्हणजे एका हंगामात उगवून, फळून संपणारी. उंची साधारण ३० सेंटिमीटरपासून एक मीटरच्या आत. रोप लहान असताना सरळ वाढते. पुढे फांद्यांना वारंवार दोन-दोन फाटे फुटत जातात आणि रोप आडवे पसरते. खोडाचा खालचा भाग जाड असला तरी लाकडासारखा टणक होत नाही. नखाने दाबला तर दबतो. फांदी दोन बोटांत धरून फिरवली की ती गोल नसून कंगोरेदार असल्याचे जाणवते. ‘अँग्युलाटा’ या नावाचा अर्थच कोनदार. आडवी कापली तर आतून बहुधा पोकळ निघते. काटे कुठेही नसतात, वेलीसारखे ताणेही नसतात. काटा किंवा ताणा दिसला तर पुढची तपासणी करण्याचे कारण नाही. ते रोप पोपटीचे नव्हे.

लव किती आहे हे उन्हाच्या विरुद्ध दिशेला धरून पाहावे. अँग्युलाटा जवळजवळ गुळगुळीत असते, केवळ कोवळ्या शेंड्यावर थोडी लव आढळते. मिनिमा मानली जाणारी रोपे अधिक लवदार असतात. मात्र संपूर्ण रोप पांढुरके, राखाडी, पीठ भुरभुरल्यासारखे दिसत असेल तर सावध व्हावे.

तिसरी पायरी: पान

पान साधे, एकाआड एक, अंडाकृती आणि टोकाकडे निमुळते असते. लांबी सामान्यतः ४ ते १० सेंटिमीटर. कडा कधी सरळ, कधी लाटेसारखी, कधी मोजक्या अनियमित दातांची. एकाच रोपावर तिन्ही प्रकार आढळू शकतात, त्यामुळे कडेवर फार भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा पानाचा बुडखा पाहावा: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पान देठाला सारख्या उंचीवर मिळत नाही, एक बाजू किंचित खाली उतरते. पान लांब देठाचे असते आणि चुरगाळल्यावर टोमॅटोच्या पाल्याशी जुळणारा हिरवट वास येतो. धोतऱ्याचे कोवळे रोप या टप्प्यावर पोपटीसारखे भासते, पण त्याच्या पानाचा वास उग्र आणि नकोसा असतो. केवळ पानावरून निर्णय घेणे या कुळात धोक्याचे आहे. फुलाची वाट पाहावी.

चौथी पायरी: फूल आणि पेरे

येथे घाई करू नये. पानाचा देठ फांदीला जेथे मिळतो ते पेरे शोधावे आणि फांदी हळूच उलटी करावी, कारण पोपटीचे फूल पानाखाली दडलेले, मान खाली घातलेले असते. वरून पाहणाऱ्याला ते दिसतच नाही. एका पेऱ्याच्या बेचक्यातून एकच देठ निघतो आणि त्यावर एकच फूल असते. जवळच्या दुसऱ्या पेऱ्याच्या फुलामुळे जोडी असल्याचा भास होतो, म्हणून देठ थेट उगमापर्यंत बोटाने चाचपून पाहावा. निदान दहा पेरी तरी मोजावीत. घोस, झुबका किंवा छत्रीसारखी रचना आढळली तर ती रानपोपटी नव्हे.

या खुणेचे मोल मला बार्शीकडच्या आमच्या शेतात एका आत्याने शिकवले. मी तेव्हा शाळेत होतो आणि माळावरून फुगेवाली एक फांदी मोठ्या आनंदाने तोडून आणली होती. आत्याने ती हातात घेऊन फुगा पाहिलाच नाही, पान उलटे केले, फांदीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “आरं, ही पोपटी न्हवं, हा आस्कंद हाय. देठापाशी घोस बघ की. पोपटीला कुठं घोस असतोय?” त्या फांदीवर खरोखरच प्रत्येक बेचक्यात चार-पाच लहान फुगे एकत्र दाटलेले होते आणि पानामागची पांढरी लव बोटाला लागत होती. मी फुगा पाहून धावलो होतो. आत्याने फुगा जेथून निघतो ती जागा पाहिली. तेव्हापासून पोपटी पाहताना माझी नजर आधी बेचक्याकडे जाते.

फूल लहान, फिकट पिवळे, उथळ वाटीसारखे असते. पाचही पाकळ्या जुळलेल्या असल्यामुळे कडेला केवळ पाच उथळ कोन दिसतात. रुंदी बहुधा १ सेंटिमीटरच्या आतबाहेर. घशाशी, म्हणजे फुलाच्या तळाकडे, डाग असलेच तर पुसट असतात. आत पाच पुंकेसर असतात. भिंग असेल तर परागकोशांचा रंग पाहावा: अँग्युलाटाचे परागकोश निळसर असतात. ते फुटून परागकण बाहेर पडल्यावर रंग नीट कळत नाही, म्हणून नुकतेच उमललेले फूल निवडावे. फूल पांढरे आणि चांदणीसारखे असेल तर ती कामोणी; फूल मोठे, निळसर-जांभळे असेल तर ते निकँड्रा; दोन्ही पुढे येतात.

पाचवी पायरी: फुगा

फुगा हे फळ नव्हे. फुलाच्या बुडाशी जी हिरवी पाच पाळ्यांची कटोरी असते, जिला शास्त्रात निदलपुंज म्हणतात, ती फलधारणेनंतर वाढू लागते. वांग्याची हिरवी टोपी म्हणजे हाच अवयव. वांग्यात तो फळाच्या डोक्यावरच राहतो, पोपटीत तो फळापेक्षा वेगाने वाढून त्याला चहूबाजूंनी वेढतो. एकाच फांदीवर या वाढीचे सगळे टप्पे पाहायला मिळतात: शेंड्याकडे कळी, तिच्या मागे उमललेले फूल, मग पाकळ्या गळून मिटलेली लहान कटोरी, त्यामागे हरभऱ्याएवढा फुगा, आणि बुडाकडे २ ते ३ सेंटिमीटरचा पूर्ण वाढलेला फुगा. अशी क्रमवार फांदी मिळाली तर ओळखीचे निम्मे काम तेथेच होते.

पूर्ण फुगा हातात घेऊन देठाकडून टोकाकडे पाहावा. त्यावर दहा उभ्या शिरा असतात, त्यांतल्या पाच अधिक ठळक, आणि त्यांच्यामध्ये बारीक शिरांची जाळी. अँग्युलाटाच्या शिरा पुष्कळदा जांभळट असतात. देठाकडची बाजू किंचित खचलेली आणि टोकाची बाजू चोचीसारखी; टोकाशी पाच लहान दात एकमेकांना भिडून तोंड मिटलेले. या दातांच्या खाली बोटाने चाचपले असता कोठेही फट लागत नाही, भिंत अखंड असते. हीच दुसरी पक्की खूण. निकँड्राच्या फुग्याच्या पाळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या असतात आणि केवळ कडांनी एकमेकींवर टेकलेल्या असतात, त्यामुळे नखाने अलगद बाजूला करता येतात.

सकाळच्या तिरप्या उन्हात फुगा डोळ्यांसमोर धरला की भिंत हिरव्या काचेसारखी उजळते आणि मध्ये फळाची गोल, गडद सावली दिसते. सावलीभोवती सगळीकडे उजेडाची कड असते, कारण फळ वरच्या बाजूने फक्त देठाला लागून असते. पाऊस पडून गेला असेल तर फुग्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब अडकलेला असतो आणि आतले फळ मात्र कोरडे. आस्कंदाचा फुगा असाच धरला तर तो लहान आणि फळाला बराच बिलगलेला दिसतो.

सहावी पायरी: फळ कापून पाहणे

फुगा उभा चिरून फळ बाहेर काढावे. ते गोल, गुळगुळीत, साधारण १ ते १.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. कच्चे हिरवे, पिकल्यावर पिवळसर. आडवे कापले की लहान टोमॅटोप्रमाणे आत दोन कप्पे, रसाळ गर आणि त्यात रुतलेल्या अनेक बारीक, चपट्या, फिकट बिया दिसतात. फळाऐवजी तीनच काळ्या गोल बिया निघाल्या तर हातात कपाळफोडी आहे. फळ कोरडे, तपकिरी असेल तर निकँड्रा. शेंगेसारखे दोन भाग होऊन आत खडखडणाऱ्या बिया निघाल्या तर तो खुळखुळा, म्हणजे शिंबावंतांपैकी क्रोटालारिया, ज्याचा फुगा म्हणजे शेंगच असते.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

वरच्या पायऱ्यांत यांपैकी बऱ्याच आल्या आहेत. तरी जिथे घोटाळा जास्त होतो तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा, हा सर्वांत जवळचा भास. तो बहुवर्षायू, बुडाशी लाकडी झुडूप असतो आणि त्याच्या खोडावर, पानांवर दाट पांढुरकी लव असते. फुले हिरवट-पिवळी, अगदी लहान, बेचक्यात घोसाने येतात. फळ पिकल्यावर लाल होते आणि आकार पोपटीच्या निम्म्याच्या आसपास. औषधात मुळे वापरतात म्हणून फळेही चालतील असा समज करून घेऊ नये. मूळ उकरून पाहिले तर घोड्याच्या अंगासारखा उग्र वास येतो. संस्कृत नाव त्यावरूनच आले.

कामोणी किंवा मको ही पोपटीच्या शेजारीच, त्याच वाफ्यात उगवते आणि फळ येण्यापूर्वी दोघींची पाने सहज मिसळतात. तिची पांढरी फुले आणि नंतर काळी-जांभळी किंवा केशरी होणारी फळे झुबक्याने येतात, आणि निदलपुंज फळाच्या देठाशीच चिकटून राहतो. फुगा होत नाही. कपाळफोडीचा फुगा पातळ आणि तीन धारांचा असतो, तिचे पान अनेक पर्णिकांचे असते, फूल पांढरे चार पाकळ्यांचे, आणि काळ्या बीवर पांढरी हृदयाकृती खूण असते. ती ताण्यांनी कुंपणावर चढते, त्यामुळे एकदा पाहिल्यावर पुन्हा घोटाळा होत नाही. निकँड्रा मूळची दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडची असून आपल्याकडे डोंगराळ भागात, बागांच्या आसपास पसरलेली आढळते.

धोतऱ्याबाबत मात्र वेगळे सांगावे लागेल. त्याला फुगा नसतो, काटेरी बोंड असते आणि फूल लांब कर्ण्यासारखे असते, म्हणून मोठे झाड कोणी चुकत नाही. चूक होते ती रोप वीतभर असताना, जेव्हा कोणी ‘पोपटीचा पाला’ म्हणून तो तोडतो. धोतऱ्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. तोंड कोरडे पडणे, बुबुळे विस्फारणे, बडबड आणि भ्रम ही त्याची लक्षणे. हा एक धोका लक्षात घेता, फूल किंवा फुगा नसलेल्या रोपाचा कोणताही भाग तोंडात घालू नये, हा नियम घरातल्या लहानांना आवर्जून सांगावा.

सातवी पायरी: कोणती फायसॅलिस?

प्रजाती निश्चित झाल्यावर जातीचा प्रश्न उरतो. लागवडीतून निसटलेली रसभरी वेगळी काढणे सोपे आहे. तिचे रोप मोठे, मखमली लवेचे, पान हृदयाकृती बुडाचे. फूल दीड-दोन सेंटिमीटर रुंद, आणि त्याच्या घशाशी पाच ठळक गडद तपकिरी-जांभळे डाग. फळ मोठे आणि पक्के केशरी. थंड हवेत ती एकापेक्षा जास्त वर्षेही टिकते. डाग ठळक, पान मखमली आणि फळ केशरी या तिन्ही गोष्टी असतील तर ती रानपोपटी नव्हे, परसातून बाहेर पडलेली रसभरी समजावी.

मिनिमा आणि अँग्युलाटा यांच्यातली रेषा इतकी स्वच्छ नाही. गुळगुळीत, कोनदार फांद्या, निळसर परागकोश, जांभळट शिरांचा मोठा फुगा आणि फळ येताना लांबत जाणारा देठ ही लक्षणे अँग्युलाटाकडे बोट दाखवतात. लवदार कोवळे भाग, अधिक लहान फूल आणि लहान फुगा ही मिनिमाकडे. परंतु भारतातल्या जुन्या नोंदींमध्ये या दोन नावांची बरीच सरमिसळ झालेली आहे, आणि सुक्या नमुन्यावर परागकोशांचा रंग उरत नसल्यामुळे ती नंतर सोडवणेही अवघड जाते. म्हणून ताज्या रोपावर रंगाची नोंद लगेच करावी, आणि लक्षणे दोन्हीकडची मिसळत असतील तर वहीत नुसते ‘फायसॅलिस, रानटी’ असे लिहून ठेवावे. अपुरी पण खरी नोंद ही पूर्ण पण अंदाजाने केलेल्या नोंदीपेक्षा नेहमीच जास्त कामाची असते.

खाण्यापूर्वी

पोपटीचे फक्त पूर्ण पिकलेले फळ खावे. पिकल्याची खूण फुग्यावरून कळते: हिरवा फुगा वाळून गवती, कागदासारखा होतो, आतले फळ पिवळसर होते आणि हलका धक्का लागताच फुग्यासकट जमिनीवर गळते. ज्या फळासाठी देठ ओढावा लागतो ते अजून पिकलेले नाही. कच्चे फळ, पाने, खोड आणि स्वतः फुगा यांत या कुळाची विषारी अल्कलॉइडे असतात. त्यामुळे उलट्या, जुलाब आणि पोटात कळा येऊ शकतात. फुग्याला भोक असेल तर आत अळी शिरलेली असते, ते फळ टाकून द्यावे. ज्यांना टोमॅटो किंवा वांगे सोसत नाही त्यांनी हे फळही टाळावे, आणि प्रथमच खाणाऱ्याने एक-दोन फळांवर थांबावे.

ओळख बरोबर असूनही जागा चुकीची असू शकते, आणि या बाबीकडे सर्रास दुर्लक्ष होते. सोयाबीन आणि कपाशीत तणनाशक फवारले जाते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने पोपटी हे तणच आहे. फवारणीतून वाचलेले, पाने आकसलेले किंवा कडा करपलेले रोप असेल तर त्याची फळे खाऊ नयेत. दुसऱ्याच्या रानातली फळे घेण्यापूर्वी मालकाला फवारणी कधी केली ते विचारावे. महामार्गाच्या कडेची आणि सांडपाण्याच्या नाल्यालगतची रोपे पाहण्यापुरतीच ठेवावीत. कोणी चुकून भलतेच काही खाल्ले आणि त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नये. जवळच्या दवाखान्यात जावे आणि ज्या रोपाची फळे खाल्ली त्याची फुला-फळांसह फांदी सोबत न्यावी.

नोंद कशी ठेवावी

एका रोपाची निदान पाच छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण रोप, बेचक्यातून निघालेल्या एकट्या फुलाचा देठ, फुलाचा घसा समोरून, फुगा बाजूने, आणि फुगा चिरून आतले फळ. मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी. नमुना दाबायचा असेल तर कळीपासून पिकल्या फुग्यापर्यंतचे टप्पे असलेली फांदी निवडावी, एक फुगा उभा चिरून उघडा ठेवावा, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये वजनाखाली दाबून कागद पहिले काही दिवस रोज बदलावा. या रोपात पाणी फार असते आणि कागद बदलला नाही तर ते काळे पडून बुरशी धरते. चिठ्ठीवर तारीख, गाव, जमीन, रोपाची उंची, लवेचे प्रमाण, फुलाचा आणि परागकोशांचा रंग लिहावा. तज्ज्ञांकडून खात्री करून घ्यायची असल्यास पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात आणि आघारकर संशोधन संस्थेत, तसेच मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात सुक्या नमुन्यांचे संग्रह आहेत. तेथे विचारणा करताना अशी चिठ्ठी असलेला नमुना उपयोगी पडतो.

शंका तरीही उरली तर एक हंगाम थांबण्याची तयारी ठेवावी. जमिनीवर गळलेले एक पिकले फळ पाण्यात कुस्करून बिया धुऊन घ्याव्यात, सावलीत कागदावर वाळवाव्यात आणि जूनमध्ये कुंडीत पेराव्यात. रुजवणापासून फुग्यापर्यंतचे एक रोप रोज डोळ्यांसमोर वाढले की कोवळेपणीची पाने, पहिल्या फाट्याशी आलेले पहिले फूल आणि त्या फुलामागे फुगत जाणारी कटोरी हे सारे तारखेनिशी वहीत उतरते, आणि पुढच्या पावसाळ्यात बांधावर वीतभर रोप दिसताच ते कामोणीचे की पोपटीचे, हे फुलापूर्वीही बऱ्याच अंशी सांगता येते.